साकडे कोणी कोणाला घालायचे?



आषाढी एकादशी पार पडली की वर्तमानपत्रांत एक बातमी ठरलेली असते. मुख्यमंत्र्यांनी सपत्नीक श्रीविठ्ठल-रुक्मिणीची शासकीय महापूजा केली आणि पाऊस पडू दे, बळीराजाला सुखी ठेव, असे विठुरायाला साकडे घातले. माणसे बदलली, पक्ष बदलले, हे वाक्य काही बदलले नाही.

माउली, ते वाक्य एकदा सावकाश वाचा. धरणातले पाणी कोणत्या कालव्याला सोडायचे हे ज्यांच्या हाती, पीकविम्याचे पैसे कधी मिळायचे हे ज्यांच्या खात्याकडे, ते देवापुढे हात जोडून म्हणतात, शेतकऱ्याचे तू बघ. आपण सरकारला साकडे घालायचे आणि सरकारने ते तसेच उचलून गाभाऱ्यात नेऊन ठेवायचे. उद्या पीक गेले तर जाब कोणाला विचारायचा? विटेवरच्याला?

माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना रागवायचे आहे त्यांचा वेळ जायला नको. आषाढी-कार्तिकीची महापूजा शासकीय असू नये. पूजा व्हावी, पंचामृताने व्हावी, सनई-चौघड्यात व्हावी. पण शासनाच्या नावाने आणि खुर्चीच्या अधिकाराने होऊ नये. हे बोलणे देव न मानणाऱ्यांच्या बाजूचे वाटेल. त्यांचे म्हणणे त्यात आहेच, ते मी झाकत नाही. पण मी माळकरी आहे, उभा जन्म कीर्तनात गेला, आता गळा साथ देत नाही म्हणून लेखणी धरली आहे. मला त्यांच्यापेक्षा आपल्या संप्रदायाची काळजी जास्त आहे.

नव्या पिढीला ठाऊक नसेल म्हणून सांगतो. हा वाद नवा नाही. १९७० साली समाजवादी मंडळींनी शासकीय महापूजेवर हरकत घेतली. निधर्मी राज्यात सरकारने कोणत्याच धर्माची पूजाअर्चा करू नये, असे त्यांचे म्हणणे. त्यावरून आंदोलन झाले आणि १९७१ साली शासकीय महापूजा झाली नाही. पुढच्याच वर्षी, १९७२ ला, महाराष्ट्रात तो दुष्काळ पडला. लोकांनी दोन्हींची गाठ मारली. पूजा चुकली, पांडुरंग कोपला, पाऊस गेला. गावोगावच्या पारावर हेच बोलणे. १९७३ पासून शासकीय महापूजा पुन्हा सुरू झाली, ती आजतागायत.

(तो ‘निधर्मी’ शब्दही वाईट होता हे सांगितले पाहिजे. ऐकणाऱ्याला वाटे की हे राज्य धर्म बुडवायला निघाले आहे. पुढे १९७६ साली घटनेच्या उद्देशिकेत ‘धर्मनिरपेक्ष’ आला तो त्यापेक्षा बरा. पण शब्दाचे भय एकदा बसले ते बसलेच.)

दुष्काळात मी बावीस वर्षांचा होतो. आमच्या करमाळ्याच्या बाजूला रस्त्याच्या कामावर खडी फोडत होतो. दुपारी सुकडी मिळे, घरी परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी शिजे. आमची दोन्ही बैलं दावणीला मेली. शेजारच्या बाईने मंगळसूत्रातली मणी-डोरली मोडून चारा घेतला होता. आणि संध्याकाळी पारावर कोणीतरी म्हणायचे, देवाची पूजा बंद केली ना, भोगा आता.

त्या बैलांनी कोणती पूजा चुकवली होती? त्या बाईने कोणते आंदोलन केले होते? ती तर दर महिन्याची एकादशी पाळणारी. मुंबईत मंत्रालयात एक निर्णय झाला म्हणून पांडुरंग करमाळ्याच्या विधवेची गाय मारतो, असे म्हणायचे असेल तर तो पांडुरंग मला माहीत नाही. आपल्या संतांनी त्याला माय म्हटले आहे. वाढदिवसाला मुलगा भेटायला आला नाही म्हणून नातवंडांचे अन्न तोडणारी माय कोणी पाहिली आहे का? मानपान न मिळाल्यावर गाव उजाड करणारी दैवते लोकांच्या भयात असतात. विठोबा तसा नव्हे. म्हणूनच तर आपण त्याच्याकडे चालत जातो, नवस फेडायला जात नाही.

देव नाही म्हणणाऱ्याने देवाची निंदा केली असे आपण मानतो. मला विचाराल तर त्या सालात विठ्ठलाची खरी निंदा पारावर झाली, आणि ती कपाळाला बुक्का लावलेल्यांनी केली.

शिवाय हिशेबही बसत नाही. पावसाची ओढ १९७० पासूनच लागली होती, पूजा बंद होण्याच्या आधीपासून. आणि १९७३ नंतर पूजा सुरू आहे म्हणून दुष्काळ थांबले का? २०१२-१३ ला जनावरांच्या छावण्या पडल्या. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले. त्याच्या आदल्या आषाढीला महापूजा यथासांग झाली होती. पूजा केली तरी दुष्काळ आणि नाही केली तरी दुष्काळ, यात पांडुरंगाचा दोष नाही. त्याला या व्यवहारात ओढणाऱ्यांचा आहे.

आता दुष्काळाविषयी आपल्या परंपरेने काय शिकवले ते पाहू. अभंग इथे उतरवत नाही, तुम्हांला ते मुखोद्गत आहेत.

तुकोबांच्या काळी, १६२९-३० मध्ये, असाच भयंकर दुष्काळ पडला. घरातली थोरली, रखमाबाई, त्यात गेली. संतू गेला. दुकानदारी बुडाली, दिवाळे निघाले. हे सारे त्यांनी स्वतः सांगून ठेवले आहे. त्यात कुठे असे आहे का, की राजाने पूजा चुकवली म्हणून हे झाले? देव कोपला म्हणून तुकोबा हातपाय गाळून बसले नाहीत. त्यांनी मोडकळीस आलेले देऊळ उभे केले, आणि घरातली सावकारीची खते भावाशी वाटून आपल्या वाटणीची इंद्रायणीत सोडली, असे परंपरा सांगते. कुळांच्या मानेवरचे कर्ज उतरले. दुष्काळात भक्त काय करतो याचे हे एक उदाहरण.

दुसरे तर सरकारी अधिकाऱ्याचेच आहे. मंगळवेढ्याचे दामाजीपंत. बेदरच्या बादशहाचे चाकर, धान्याची कोठारे त्यांच्या ताब्यात. दुष्काळ पडला, माणसे दारात येऊन पडू लागली. पंतांनी काय केले? पंढरीला जाऊन सपत्नीक महापूजा केली? पांडुरंगाला साकडे घातले? त्यांनी कोठारांची कुलपे काढली आणि धान्य लुटवले. बादशहाचे पकडण्याचे फर्मान येणार हे ठाऊक असताना काढली. मग देव विठू महाराचे रूप घेऊन बेदरला पैसे भरायला गेला, ही कथा मी शेकडो वेळा रंगवली आहे. तिचा क्रम कधी विसरू नका. कोठार आधी उघडले, देव नंतर धावला.

तुम्ही म्हणाल, बुवा, हे तर धर्माने राज्यकारभारात हात घातल्याचेच उदाहरण झाले. अगदी बरोबर. धर्माचा राज्यावर परिणाम व्हावा तर असा व्हावा. अधिकाऱ्याच्या काळजात दया उतरावी, त्याने लाच नाकारावी, भुकेल्यापुढे नियम वाकवावा. याला कोणता नास्तिक हरकत घेईल? दामाजीने कोठार उघडताना रांगेतल्या माणसाला तुझा देव कोणता, असे विचारले नव्हते.

बहात्तरच्या दुष्काळातही असे कोठार उघडले गेले. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी महाराष्ट्रभर सुरू झाली. काम मागेल त्याला काम. लाखो माणसे हजेरीपटावर आली आणि जगली. मी त्यातला एक. पुढे त्यासाठी व्यवसाय कर बसवला, आणि मुंबई-पुण्याच्या नोकरदाराच्या पगारातून कापलेले पैसे आमच्या खडीच्या ढिगापर्यंत येऊ लागले. त्या नोकरदारांत देव मानणारे होते, न मानणारे होते, नमाज पढणारे होते, बुद्धवंदना म्हणणारे होते. एकानेही विचारले नाही की हा माळकरी आहे, याला मी का पोसू? शासनाने केलेली विठ्ठलाची पूजा मी पाहिली ती तिथे, गाभाऱ्यात नाही.

आता देव न मानणाऱ्याचे म्हणणे काय आहे ते नीट ऐकू. आपण ते ऐकतच नाही, आधीच टाळ वाजवायला लागतो.

आमच्या गावात एक निवृत्त शिक्षक आहेत. देव मानत नाहीत. कीर्तनाला मात्र येतात, मृदंग ऐकायला. पाया पडत नाहीत, पण दिंडी मुक्कामाला आली की पाण्याच्या टाक्या भरून ठेवणार तेच. एकदा मी त्यांना म्हटले, “गुरुजी, मुख्यमंत्र्याने पूजा केली तर तुमचे काय जाते?” ते म्हणाले, “महाराज, माणसाने केली तर काही जात नाही. पण मी एकदा सातबाऱ्यासाठी कचेरीत गेलो तर साहेब सत्यनारायणाला बसले होते. काम थांबलेले. शिपायाने प्रसाद पुढे केला. मला नको होता. पण नको म्हटले तर माझा कागद अडेल का, हा विचार आला आणि मी मुकाट्याने हात पुढे केला. साठ वर्षांच्या माणसाला सरकारी कचेरीत असे वाटावे का, एवढाच माझा प्रश्न.”

मला उत्तर देता आले नाही. तुम्हांला येते का पाहा.

प्रश्न प्रसादाचा नाही, त्या टेबलाचा आहे. टेबल सगळ्यांचे आहे. टेबलामागचा माणूस घरी काय वाटेल ते पुजो, पण टेबल एका देवाचे झाले की समोर उभ्या असलेल्या दुसऱ्याला आपण उपरे वाटू लागतो. आपल्या राज्यघटनेच्या सत्ताविसाव्या अनुच्छेदात असे आहे की एखाद्या विशिष्ट धर्माच्या पोषणासाठी खास राखून ठेवलेला कर देण्याची सक्ती कोणावर करता येणार नाही. कायद्याचा कीस वकिलांनी काढावा. त्यामागची भावना आपल्याला समजायला जड नाही. दुसऱ्याच्या घामाच्या पैशाने माझा देव पुजू नये, हे साधे सोवळे आहे. खरे सोवळे.

काही मंडळी इथे गीतेचा सोळावा अध्याय काढतील. जग ईश्वराविना आहे असे म्हणणारे आसुरी संपत्तीचे, असे तिथे सांगितले आहे. आहे खरे. पण अध्याय मधूनच उघडू नये. आसुरी संपत्तीची लक्षणे भगवंत सांगू लागतात तेव्हा पहिले नाव नास्तिकतेचे घेत नाहीत, दंभाचे घेतात. आणि माउलींनी त्या एका शब्दावर केलेले निरूपण काढून वाचा. आपली जन्मदाती तीर्थासारखी पवित्र, पण तिला उघडी करून लोकांत दाखवली तर ते पातकाला कारण होते. तसा आपण केलेला धर्म चव्हाट्यावर ओरडून सांगितला की तो तारायचा सोडून मारायला लागतो. पुढे त्याच अध्यायात, केवळ नावापुरते आणि दंभाने यजन करणारेही आसुरीच ठरवले आहेत. म्हणजे देव नाकारणारा त्या यादीत आहे, आणि छायाचित्रकारांच्या उजेडात देव पुजणाराही आहे. कोण आधी आहे ते तुम्ही पाहा.

दुसरी हरकत येते ती राजाश्रयाची. मंदिराला राजांनी पूर्वीपासून दिले, मग आताच्या सरकारने का देऊ नये? पंढरीच्या मंदिरातला चौऱ्यांशीचा शिलालेख तुम्ही पाहिला असेल. १२७३ ते १२७७ या वर्षांतल्या देणग्या त्यात कोरल्या आहेत. रामदेवराव यादवाचे नाव आहे, हेमाद्रीचे आहे, आणि त्यांच्याबरोबर कितीतरी साध्या माणसांची आहेत. राजा तिथे दात्यांच्या रांगेत उभा आहे. माउलींच्या पालखीचा सोहळा हैबतबाबांनी लावला तेव्हा अंकलीच्या शितोळे सरदारांनी घोडे दिले, तंबू दिला. आजही त्यांचा मान आहे. पण शितोळ्यांनी दिले ते आपल्या पागेतले. आजच्या मंत्र्याच्या हातात जे आहे ते त्याच्या पागेतले नाही. ती राजाची तिजोरी नाही, तुमची, माझी आणि त्या गुरुजींची आहे.

आणि घेणाऱ्याचे काय होते तेही बोलले पाहिजे. २०२४ साली सरकारने प्रत्येक दिंडीला वीस हजार रुपये जाहीर केले. पैसे कोणाला नको असतात? पण शिवाजीमहाराजांसारख्या राजाने पाठवलेले अबदागिरी, घोडे आणि धन तुकोबांनी परत केले, ही गोष्ट आपण दर बीजेला सांगतो. राजा वाईट होता म्हणून परत केले नाही. राजा चांगला असतानाही परत केले. वीस हजार घेतलेल्या दिंडीतला विणेकरी उद्या रस्त्याच्या खड्ड्यावर, पाण्याच्या टँकरवर, शेतमालाच्या भावावर मोकळ्या गळ्याने बोलेल का? मला शंका आहे. सत्तेच्या जवळ गेलेल्या धर्माचा पहिला तोटा हा होतो, की त्याची जीभ जड होते.

आणि सत्ता व धर्मपीठ एकत्र आले की मार कोणाला बसतो, हे दुसऱ्या कोणाला नसले तरी आपल्याला ठाऊक असायला हवे. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई या पोरक्या लेकरांना शुद्धिपत्रासाठी पैठणला कोणी चालायला लावले? तुकोबांचे अभंग डोहात बुडवायला लावले ते शास्त्र जाणणाऱ्याने, आणि त्याच वेळी गावचा पाटीलही उलटला होता. चोखोबांना देवळाने बाहेर ठेवले, आणि मंगळवेढ्याचे गावकूस बांधताना भिंत पडून त्यांचा अंत झाला. या प्रत्येक ठिकाणी धर्माचा हुकूम होता आणि त्याच्या मागे गावाचा किंवा दरबाराचा जोर होता. त्या काळी धर्मसत्तेला नास्तिक वाटत होते ते आपलेच संत. आज दुसऱ्या कोणाला तसे वाटून घ्यावे लागत असेल तर निदान वारकऱ्याने त्या गर्दीत उभे राहू नये.

फार जुने नको असेल तर १९४७ घ्या. साने गुरुजी पंढरीत तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले, विठ्ठलाचे दार हरिजनांना उघडावे म्हणून. तेव्हाही धर्म बुडाला म्हणणारे होते. देवाचे तेज काढून घागरीत भरून ठेवल्याची गोष्ट पंढरीत अजून सांगतात. दार उघडले. देव जागचा हलला नाही. आज त्या दारातून गेलेल्यांची नातवंडे आपल्या दिंड्यांत टाळ धरतात. साने गुरुजी ज्या समाजवादी परिवारातले, त्याच परिवारातून १९७० ची हरकत आली, हेही लक्षात असू द्या. एकदा ज्यांचे ऐकून आपण मोठे झालो, त्यांचे दुसऱ्यांदा ऐकायला काय हरकत आहे?

देव न मानणाऱ्यांची काळजी ही काही नुसती कचेरीतल्या प्रसादापुरती नाही. २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. नरेंद्र दाभोळकर पुण्यात सकाळी फिरायला गेले असताना गोळ्या घालून मारले गेले. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते अनेक वर्षे झटत होते, आणि त्या कायद्याला विरोध करणाऱ्यांत आपल्यापैकी पुष्कळ मंडळी होती. कीर्तन बंद होणार, वारी बंद होणार, असे सांगितले जात होते. कायदा झाला. त्यात हरिकथा, कीर्तन, प्रवचन, भजन, यात्रा, प्रदक्षिणा यांना हा कायदा लागू नाही असे स्पष्ट लिहिले आहे. त्यानंतरच्या वर्षांत मी शेवटची काही कीर्तने केली. एकाही पोलिसाने विणा खाली ठेव म्हटले नाही. बंद झाला तो एका माणसाचा श्वास, आणि तो आपल्यापैकी कोणाचा नव्हता. नास्तिक माणूस आपल्याला भितो की काय, हा प्रश्न एकदा आरशात बघून विचारावा.

मग सरकारने पंढरीत यायचेच नाही का? यायचे. कामाला यायचे. बडवे-उत्पातांच्या मनमानीविरुद्ध वारकऱ्यांनीच सरकारकडे दाद मागितली होती. १९७३ च्या कायद्याने त्यांचे वंशपरंपरागत हक्क गेले, खटले चालत राहिले आणि जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो वाद संपला. दानपेटीचा हिशेब, रांगेतली शिस्त, पाणी, दिवाबत्ती हे राज्याचे काम आहे, जसे ते कुठल्याही जत्रेत, उरुसात, बाजारात आहे. ते देव मानणारा करो की न मानणारा.

पण ते काम किती झाले? बोलायला लाज वाटते असे सांगतो. वारी उरकून आपण गावी परतायचो तेव्हा पंढरीच्या गल्ल्यांत आणि वाळवंटात आपण मागे ठेवलेला मैला सफाई कामगार हाताने उचलत. माणसे, बायका, तुमच्या-माझ्यासारखी. याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात याचिका गेली आणि न्यायालयाने सरकारला वारीच्या आधी शौचालये उभारायला सांगितले. तेव्हा कुठे ती रांगेने उभी दिसू लागली, नदीपलीकडच्या पासष्ट एकरांत तळ पडू लागले. हे कोणत्याही महापूजेतून निघाले नाही. महापूजा तर दर वर्षी होत होती. गाभाऱ्यात देवाला दुधाचे स्नान, आणि भिंतीपलीकडे हे. चंद्रभागेची गोष्टही तीच. ‘नमामि चंद्रभागा’ची घोषणा २०१६ ला झाली. पाण्यात उतरून बघा आणि मग बोलू.

आषाढीला देवाचा पलंग निघालेला असतो, चोवीस तास दर्शन चालू असते, रांग गोपाळपुराकडे गेलेली असते. सतरा-अठरा तास उभी असलेली म्हातारी पायांपासून हाताच्या अंतरावर येते आणि पहाटे दोनच्या सुमाराला पायांवरचे दर्शन थांबते. सरकार आले. रांगेतल्या पहिल्या जोडप्याला मानाचे वारकरी म्हणून आत घेतात, ते चांगलेच आहे. पण मान त्यांचा असेल तर पूजाही त्यांचीच असू द्या की.

ते होऊ शकते, झालेले आहे. २०१८ च्या आषाढीला आरक्षणाच्या आंदोलनामुळे मुख्यमंत्री पंढरीला आले नाहीत, त्यांनी आपल्या निवासस्थानी पूजा केली. मंदिरात मानाच्या वारकरी दांपत्याच्या हातून महापूजा झाली. काही कमी पडले? उलट २०२० ला, साथीच्या काळात, शासकीय महापूजा झाली आणि पायी वारी झाली नाही. संतांच्या पादुका एस.टी.ने आल्या. एका वर्षी वारी होती आणि मुख्यमंत्री नव्हते, दुसऱ्या वर्षी मुख्यमंत्री होते आणि वारी नव्हती. या दोन वर्षांपैकी कोणत्या वर्षी तुमचा ऊर भरून आला आणि कोणत्या वर्षी डोळ्यांत पाणी, हे मला सांगायची गरज नाही.

म्हणून माझी मागणी लहान आहे. आषाढी आणि कार्तिकी, दोन्ही वेळा महापूजा रांगेतल्या पहिल्या वारकरी दांपत्याने करावी. ‘शासकीय’ हा शब्द पत्रिकेवरून काढावा. मुख्यमंत्र्यांना भाव असेल तर त्यांनी जरूर यावे, कोणीही यावे, पण पत्राशेडातून यावे. एक रात्र तिथे काढली की तिथल्या नळांचा आणि पंख्यांचा अहवाल वेगळा मागवावा लागणार नाही. जे मुख्यमंत्री देव मानत नसतील, त्यांनी न यावे, आणि आपण त्यांना त्यावरून धारेवर धरू नये. धारेवर धरायचेच तर दिंडीमार्गावरच्या पाण्यावरून धरावे.

मंदिर समितीला द्यायचा असा अर्ज आमच्या दिंडीत लिहून तयार आहे. तुमच्या फडावर, तुमच्या दिंडीत तो वाचून दाखवायचा असेल तर या मासिकाच्या पत्त्यावर कळवा, नक्कल पाठवतो. आमच्याकडे चाळीस जणांपैकी सतरा जणांनी सही केली. बाकीचे तेवीस जण म्हणतात, वाखरीपर्यंत चालता चालता विचार करून सांगतो.